पाहुणीचा कप

मस्तूराने उजवा हात अबायाच्या बाहीत ओढून घेतला आणि वरून डाव्या हाताने घट्ट दाबून धरला.

"खाला, थंडी वाजतेय का?" शेजारी बसलेल्या विजदानने, तिच्या सुनेने, विचारलं.

"जेद्दात थंडी? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

जेद्दाच्या जुन्या बलद वस्तीतल्या त्या घराच्या माडीवर कॉफी वाढणाऱ्या बायकांची कार्यशाळा चालली होती. लग्नाच्या हॉलवाल्यांनी यंदा ठरवून टाकलं होतं, या कार्यशाळेचं ओळखपत्र असेल तिलाच हंगामात काम. याच गल्ल्यांतल्या नवऱ्यामुलींच्या आयांना मस्तूराने त्यांच्या लग्नात कॉफी वाढली होती, आणि आता तिने परीक्षा द्यायची! तीही असल्या हाताने. रमजाननंतर केव्हातरी हात थरथरायला लागला होता. घरात तिने कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. सुनेला कळलं, तर दुसऱ्या दिवशी लग्नातली किटली तिच्या हातात जाईल, हे ती धरूनच चालली होती.

"किटली डाव्या हातात, कप उजव्या," शिकवायला रियाधहून आलेली रजवा सांगत होती.

"आणि कॉफी तोंडात ओतायची, कानात नाही," मस्तूरा पुटपुटली.

"हळू, खाला. ऐकेल ती."

"ऐकू दे की."

तिला एका जागी बसवत नव्हतं. उशी सरकवून झाली. जाळीच्या खिडकीपाशी जाऊन खालची गल्ली बघून झाली. बांग झाली का, म्हणून दोनदा विचारून झालं.

मग रजवाने जोड्या लावल्या. एकीने वाढायचं, दुसरीने पाहुणी व्हायचं. मस्तूराने लगेच पाहुणीची गादी पकडली.

"तू उभी राहा. तुझे पाय तरणे आहेत."

तिची वाढायची पाळी नमाजनंतर येणार होती. तोवर काहीतरी सुचलंच असतं.

विजदानने बिनकानाच्या कपात तळ झाकेल एवढीच कॉफी ओतली. वेलची अगदी बेताची होती. मस्तूराने बाहीआडूनच एका घोटात कप रिकामा केला आणि त्या चवीच्या नादात, आणखी हवी म्हणून, सवयीने पुढे धरला. हात बाहीबाहेर आलाय हे तिच्या उशिरा लक्षात आलं. कप बोटांत थरथरत होता.

"बघा," रजवा सगळ्यांना म्हणाली, "पाहुणीने कप हलवला. म्हणजे बस झालं. आता हिने कप परत घ्यायचा आणि पुढे जायचं."

मस्तूराचा जीव भांड्यात पडला. रिवाजानेच तिच्या हातावर पांघरूण घातलं होतं.

तोवर विजदानने त्या थरथरत्या कपात कॉफी ओतलीसुद्धा. तिने ना कपाकडे पाहिलं, ना सासूच्या तोंडाकडे. कप जिकडे जात होता तिकडे किटलीची चोच आपसूक जात होती. खाली एक थेंब सांडला नाही.

"अगं, हे काय?" रजवा म्हणाली. "नको म्हणणाऱ्या पाहुणीला वाढतेस? बाकी काहीही चाललं असतं. याला मी ओळखपत्र देत नाही."

विजदान भानावर आली. तिची मान खाली गेली.

"चुकलं माझं."

एवढंच. मस्तूराकडे तिने नजरही वळवली नाही.

मस्तूरा हातातल्या कॉफीकडे बघत राहिली. घरी रोज संध्याकाळी विजदानच ओतायची, पोरांवर ओरडत, फोनवर बोलत. आणि इतक्या महिन्यांत दुसरा कप मागायची वेळ मस्तूरावर एकदाही आली नव्हती. म्हणजे सुनेला केव्हाच कळलं होतं.

रजवा पेन उघडून यादीतलं नाव शोधत होती.

"थांब गं," मस्तूरा म्हणाली.

"खाला, नियम आहे."

"नियम मला नको शिकवूस. मी कप हलवलाच नव्हता."

"सगळ्यांनी पाहिलं, खाला."

मस्तूराने कॉफी संपवली. अबायाची बाही कोपरापर्यंत मागे सारली आणि रिकामा कप रजवासमोर धरला, हात पूर्ण लांब करून. कप थरथरत होता. थांबत नव्हता.

"आता नीट बघ. मला अजून हवीय."

विजदान किटली घेऊन पुढे झाली.

"तू थांब," मस्तूरा रजवाकडे हनुवटी करत म्हणाली. "हिला ओतू दे."