खुर्चीतले चौदा तास

हल्ली फोनवर दोन शहरांची नावं टाकली की पुरे. अंतर किती, विमानाला वेळ किती, डोळ्याचं पातं लवायच्या आत हजर. मला त्याचा रागच येतो. आमच्या घरी ते अंतर एकदा खुर्चीत बसून मोजलं होतं. आई-बाबा दोघंही आता नाहीत, पण तो रविवार आठवला की अजून हसू येतं.

ताईला दिवस गेले होते. ती जगाच्या पार दुसऱ्या टोकाला, बारा हजार किलोमीटरवर. आईनं बाळंतपणाला यावं म्हणून फोनवर रडायची.

"चौदा तास एका जागी? मला नाही जमायचं," आई म्हणायची.

बाबा लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर होते, नुकतेच निवृत्त झालेले. "मी तेवढा वेळ गाडी हाकलीय. तुला तर नुसतं बसायचंय."

"मग घरीच बसून बघते. जमलं तर जाईन, नाहीतर पोरीला नाही म्हणून कळवा."

रविवारी उजाडताच आईची खुर्ची भिंतीला लागली. समोर पुढची सीट म्हणून कपड्यांचं कपाट. बाबांनी स्वतःचा कमरेचा पट्टा काढून तिला बांधला. चहापाणी, जेवण विमानातल्या माणसांनी द्यायचं, म्हणजे बाबांनी. मी मदतीला उठले तर आई म्हणाली, "तू या विमानात नाहीस."

बाबांनी जन्मात कधी चहा केला नव्हता. पहिला उतू गेला, दुसरा म्हणजे नुसतं गरम पाणी. भात खाली करपला, वर कच्चा राहिला. एक बशी फुटली.

"मीठ कुठंय?"

"डावीकडं, दुसऱ्या फळीवर."

"अगं, ऊठ की जरा."

"विमान हवेत आहे," आई म्हणाली.

हसून हसून माझं पोट दुखलं. पण दिवेलागणीपर्यंत गडी तयार झाला. अंडी नीट उकडली, भांडी घासली, शर्टांच्या घड्यासुद्धा घातल्या. चहा तर चक्क पिण्यासारखा.

वेळ भरली तसा बाबांनी पट्टा सोडला. "उतरलं विमान. पाय दुखले का?"

"छे. शाळांचे गणवेश शिवायचे असले की मशीनवर मी याहून जास्त बसते. बसायची धास्ती मला नव्हतीच, तुमची होती. मी गेल्यावर उपाशी राहाल म्हणून. आता जाते खुशाल."

भांडकुदळ उतारूंनाही गप्प करणारे बाबा ओले हात शर्टाला पुसत राहिले.

"भात होईल गं," ते म्हणाले. "पण बोलू कुणाशी?"

मी तिथंच होते, पण मला राग नाही आला. आईनं खाली बघत पदराचं टोक चुरगाळलं. झालं, आता ही काही जात नाही, असं मला वाटलं. ताईसाठी जीव तुटला.

दुसऱ्या दिवशी बाबा कुणाला न सांगता बाहेर पडले आणि दुपारी आईचं तिकीट घेऊन आले. निघायचं कधी, असं आईनं विचारलं, तर त्यांना कागदात बघावं लागलं. परत यायची तारीख मात्र तोंडपाठ होती.