एक पट्टी झाडाची

मित्रांनो, मी एक जुना सिंकोना आहे. नाव ऐकून कपाळाला आठ्या घालू नका. माझ्या सालीची चव घेतलीत तर त्या आपोआप पडतील. हिवतापावरचं कोयनेल याच सालीतून निघतं. मी कडूजहर आहे, आणि लोकांनी मला वाढवलं तेही त्या कडूपणासाठीच.

माझं बी इतकं हलकं, की चिमटीत धरलं तरी धरल्यासारखं वाटत नाही. टेकडीच्या पायथ्याशी गवतानं शाकारलेली रोपवाटिका होती. ती सांभाळणारी बाई तोंडाला फडकं बांधून, श्वास रोखून बी पेरायची. तिची लेक शेजारी बसायची. "शिंकलीस तर अख्खी बाग उडून जाईल हं," असं आई तिला बजावायची, आणि हसू दाबता दाबता पोरीचे गाल लाल व्हायचे. मी दोन पानांचा झालो तेव्हा त्या पोरीनंच मला बांबूच्या काडीनं उचलून दुसऱ्या वाफ्यात लावलं. पाणी झारीनं आणि तेही बेताचं, कारण मुळाशी पाणी साचलं की आम्ही माना टाकतो. दोन वर्षांनी मला उतारावर, ओळीत उभं केलं.

आठव्या वर्षी साल काढणारा माणूस आला. तो डावखुरा होता आणि सगळे त्याला त्याच नावानं हाक मारत. सुरीनं दोन उभ्या रेघा ओढायच्या, मधली हातभर लांबीची पट्टी अलगद सोलायची, शेजारची ठेवायची. पुढच्या खेपेला उलट. उघड्या पडलेल्या जागेवर ओलं शेवाळ लावून ते काथ्याच्या दोरीनं बांधायचं. शेवाळाखाली नवी साल धरते, आणि ती पहिलीपेक्षाही कडू असते. बांधायचं काम डावखुऱ्याच्या बायकोचं. ती म्हणजे रोपवाटिकेतली तीच लेक.

बागेत एक रीत होती. प्रत्येक झाडाची एक पट्टी कायमची राखायची. बांधणारी त्या पट्टीवर तळहात टेकून "ही झाडाची" म्हणायची, आणि मगच सोलणाऱ्यानं सुरी चालवायची. साल गोल सगळी निघाली तर झाड जातं, आणि सोलणाऱ्याचा हात एकदा चालू लागला की त्याला भान राहत नाही. म्हणून लगाम दुसऱ्याच्या हाती.

"नवऱ्यापेक्षा झाडाला जास्त जपतेस बघ," डावखुरा तिला चिडवायचा.

"झाड उलटून बोलत नाही," ती म्हणायची.

शाळेच्या सहली यायच्या. मुलं विचारत, "याला दुखतं का हो?" तेव्हा डावखुरा म्हणे, "त्यालाच विचारा!" मी काय सांगणार? पहिल्यांदा दुखलं होतं. पुढे तो भाग बधिर झाला. आज मी तुमच्याशी बोलतो आहे तेही त्या बधिर जागेवरूनच.

मग नव्या गोळ्या आल्या. कोयनेलच्या कारखान्याला कुलूप लागलं, साल वाळवायच्या शेडमध्ये कोंबड्या फिरू लागल्या, आणि आमच्या ओळीच्या ओळी सरपणात गेल्या. मी वाचलो तो काही औषधी म्हणून नव्हे. डावखुऱ्याच्या घराची कपडे वाळत घालायची दोरी माझ्या खोडाला बांधलेली होती, एवढंच. दहा-बारा वर्षं मी ओले शर्ट सांभाळले. कोणी माझं नावही विचारलं नाही.

परवाच्या पावसाळ्यात दरड कोसळून रस्ता बंद झाला. वस्तीतल्या चार घरांत हिवताप शिरला, पाचवं घर डावखुऱ्याचं. गोळ्या खाली गावात, आणि गाव दरडीच्या पलीकडे. तेव्हा डावखुऱ्याची बायको सुरी घेऊन माझ्यापाशी आली. तिनं आयुष्यभर बांधलं होतं, सोललं कधीच नव्हतं. तिच्या रेघा वाकड्यातिकड्या गेल्या.

माझ्या अंगावर सात पट्ट्यांची साल होती. चार दिवसांत सहा गेल्या. जो भांडं घेऊन आला त्याला तिनं काढा दिला. नाही म्हणणं तिला जमलं नाही. ती चारही घरं उठून बसली. डावखुऱ्याचा ताप मात्र हटेना. पाजलेला काढा तो ओकून टाकायचा.

पाचव्या दिवशी तो जरा शुद्धीवर होता. त्यांची खिडकी माझ्याच बाजूला उघडते, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"किती राहिल्या गं?"

"आहेत की."

"झाडाची ठेव हं."

"अहो, ठेवते. पडून राहा बघू."

ती बाहेर आली आणि सवयीनं सातव्या पट्टीवर तळहात टेकला. ओठ हलले, पण शब्द काही आले नाहीत. आत तो कण्हला. मग तिनं दोन रेघा ओढल्या. मित्रांनो, मी तिला दोष देत नाही. मला काही जाणवलंही नाही, फक्त भोवताली एकदम गार लागलं.

काढ्याचा पहिला घोट घेऊन डावखुरा थांबला. उभा जन्म त्यानं साल चाखून पारखली होती; कधीच न सोललेली पहिली साल त्याला चवीवरून ओळखू यायची.

"कमी कडू आहे," तो म्हणाला.

तो तिच्याकडे बघत राहिला आणि उरलेला काढा त्यानं तिच्या समाधानासाठी पिऊन टाकला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

त्याचे दिवस झाल्यावर ती शेवाळ घेऊन आली आणि मला सगळीकडून बांधून काढलं. मग तळहात टेकायला जागा शोधू लागली. तिचा हात खोडाभोवती फिरत फिरत जिथून निघाला तिथेच परत आला. ती रडली नाही. शेवाळाची पाटी उचलली आणि स्वयंपाकाला लागली.

तुम्हाला वाटेल, मी लगेच वाळलो असेन. तसं होत नाही. पाणी आतल्या लाकडातून वर चढतच राहतं. फक्त पानांनी केलेलं अन्न मुळांपर्यंत उतरत नाही, कारण त्याची वाट सालीतूनच असते. म्हणून मी कितीतरी महिने हिरवागार दिसलो. बरे झालेले लोक येऊन माझ्याकडे कौतुकानं बघून गेले. तिची जाऊ तिला म्हणाली, "सावरलीस हो लवकर." ती म्हणाली, "हो." त्या "हो" मागचं माझ्याइतकं कोणाला कळणार?

मरायला टेकलेलं झाड कधी कधी भरभरून फळतं. मीही फळलो. बोंडं पिकली तशी तिनं ती वेचली, जुना वाफा नीट केला, तोंडाला फडकं बांधलं आणि आईसारखाच श्वास रोखून सुपात बी निवडायला बसली. दुपारचे दोन वाजले असतील. मी बघत होतो. तिचे गाल लाल होऊ लागले. मला वाटलं, शिंक येणार. पण आला तो हुंदका. फडकं बाजूला झालं आणि इतक्या महिन्यांचं सगळं एकदम बाहेर पडलं. बी उडालं, वाफ्यावरून, शेडवरून, साऱ्या उतारभर. ती सूप मांडीवर घेऊन मोठमोठ्यानं रडत होती आणि मला, बधिर खोडाला, बरं वाटत होतं.

आता माझी पानं गळू लागली आहेत. मित्रांनो, या उतारावर कुठे ना वाफा ना ओळ अशा जागी दोन पानांचं रोप दिसलं, तर त्याच्या मुळाशी पाणी साचू देऊ नका. मोठं झालं की साल खुशाल काढा, आम्ही त्याचसाठी आहोत. फक्त सुरी लावण्याआधी दुसऱ्या कोणाला तरी हाक मारा, आणि त्याला तळहात टेकू द्या.