लसीच्या कार्डातला कागद

एकतिसाव्या पानावर मालनबाईंचा हात थांबला. चष्मा पुसून त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचलं. ‘बाईला लेखी काहीही देण्याआधी तिला विचारा. हा कागद घरी नेणं तुला सुरक्षित आहे का? घरातले कागद कोण हाताळतं?’

खाली बारीक अक्षरात कारण दिलं होतं. मदतीचा कागद नवऱ्याच्या हाती लागला आणि त्या दिवसापासून मार वाढला, असं सांगणाऱ्या बायकांची ती माहिती होती.

समोरच्या चहावर साय धरली. मंगळवारी मालनबाईंनी न विचारता नेमकं हेच केलं होतं.

पुस्तकाचं असं झालं. शहरातल्या एका महिला संस्थेत काम करणारी अक्षया महिन्यापूर्वी सुट्या पानांचा गठ्ठा घेऊन घरी आली होती. नर्स, डॉक्टर, पोलीस यांच्यासाठी ते पुस्तक होतं. घरात मार खाणारी किंवा अत्याचार झालेली बाई समोर आली तर काय विचारायचं, काय टाळायचं, ते त्यात होतं. आणि तेही कुणाच्या मनाचं नाही, पाहणीतून जे उपयोगी ठरलं तेवढंच. “मालनकाकू, भाषा तेवढी बघून द्या,” अक्षया म्हणाली होती. “नर्सला वाचताना आपल्यातलीच कुणी बोलतेय असं वाटलं पाहिजे.”

छत्तीस वर्षं आरोग्य केंद्रात नर्स म्हणून काढलेल्या मालनबाईंना केवढा हुरूप आला! त्यांनी गठ्ठा शेवटच्या पानापासून उलटा चाळायला घेतला. शेवटचं पान मदतीच्या फोन नंबरांचं होतं. खाडीपलीकडच्या वाडीत अजूनही त्या लसीच्या दिवशी सवयीने जाऊन बसत. मंगळवारी ते पान त्यांच्या पिशवीतच होतं. वाडीतली राही नऊ महिन्यांच्या लेकीला घेऊन आली, पदर सरकला, आणि कानामागून मानेपर्यंत उतरलेला काळानिळा डाग मालनबाईंना दिसला. आजूबाजूला वीस बायका. विचारायचा धीर झाला नाही. त्यांनी पानाची घडी केली, बाळाच्या लसीच्या कार्डात सरकवली आणि कार्ड राहीच्या प्लास्टिकच्या पिशवीत टाकलं. फार मोठं काम केल्यासारखं वाटलं होतं तेव्हा.

त्या पिशवीत काय काय असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं का? दर्यावरच्या माणसांच्या घरात एकच पिशवी. रेशन कार्ड तीत, आधार तीत, आणि नवऱ्याचं खलाशाचं ओळखपत्रही तीतच. राहीचा नवरा सागर बोटीवर जाताना ते घेऊन जाणार आणि आला की परत त्यातच ठेवणार.

त्यांनी अक्षयाला फोन लावला.

“काकू, आधी सांगा, नवरा कुठे आहे?”

“बोटीवर. रविवारी येईल म्हणाली होती सासू.”

“मग वेळ आहे. पण तिला फोन करू नका, उचलेल कोण ते सांगता येत नाही. काहीतरी निमित्त काढून जा आणि कागद तेवढा काढून आणा. आणि काकू, तिला विचारल्याशिवाय यापुढे काही नाही हं.”

“नाही गं बाई. एकदा पुरे झालं.”

कोपऱ्यावर बाळा रिक्षावाला उभा होता. त्याने हँडल फिरवता फिरवता विचारलं, “धक्क्याच्या बाजूने नको ना, नर्सबाई? आज गर्दी हाय तिकडं.”

“आज गुरुवारी कसली गर्दी?”

“वादळाचा बावटा लागलाय न्हवं! पहाटेपासून सगळ्या बोटी माघारी.”

मालनबाईंनी पुढची दांडी घट्ट धरली. “मग जरा लवकर घे रे.”

“उडवू काय रिक्षा? खड्डे बघा, मंग बोला.”

रिक्षा पुलावर चढली. या पुलाच्या आधी इथे माणसं पलीकडे नेणारी होडी होती. लसींचा बर्फाचा डबा मांडीवर घेऊन त्या तिच्यातून पलीकडे जात. होडीचा तांडेल गाणं म्हणे, बायका टोपलीतले काजूचे बोंडू त्यांच्या हातावर ठेवत. किती माया केली या वाडीने! आणि त्याच वाडीतली शेवंती तीनदा डोकं फुटून केंद्रावर आली होती. तिन्ही वेळा मालनबाईंनी सासूच्या देखत विचारलं, “कसं लागलं गं?” तिन्ही वेळा ती म्हणाली, “पडले.” मालनबाईंनी तेच लिहिलं. मग शेवंती माहेरी गेली असं कळलं. माहेरचे म्हणत, इकडे आलीच नाही. चाळीस वर्षं झाली त्याला.

राहीच्या अंगणात तिची सासू गोदूबाई सुके बोंबील गोळा करत होती. दोरीवर ओली पँट निथळत होती. म्हणजे सागर घरात होता.

“या या, नर्सबाई! सरकारनं परत घेतलं काय कामावर?”

“कोण घेतंय म्हातारीला? बाळाच्या कार्डावर तारीख चुकीची पडली मंगळवारी. म्हटलं दुरुस्त करून जावं.”

“एका तारखेसाठी एवढ्या लांब? पाय बरे चालतात अजून!” गोदूबाईने आत तोंड करून हाक मारली. “राही, पिशवी आन गं कागदांची!”

पिशवी आली, पण राहीच्या हातात नव्हती. खांद्यावर टॉवेल टाकलेला सागर ती घेऊन ओटीवर आला. “बरं झालं आठवण केलीत,” तो म्हणाला, “माझं कार्डपन ठेवायचंय.” त्याने पिशवी खाटेवर उपडी केली.

सागर एकेक कागद उचलून बाजूला ठेवत होता. रेशन कार्ड, विजेचं बिल, आधार. मग लसीचं कार्ड. त्याने ते उघडलं, झटकलं, मालनबाईंच्या हातात दिलं. आत काही नव्हतं. खाटेवरही नव्हतं. मग गेला कुठे? याला आधीच सापडला की काय?

दारात राही लेकीला कडेवर घेऊन उभी होती. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती.

“काय चुकलंय त्यात?” सागरने विचारलं.

“पुढची तारीख रे.” मालनबाईंनी पेन काढलं. आकड्यावरून पुन्हा तोच आकडा गिरवला.

“तुमी रिटायर ना? मंग लिवता कशा?”

“अरे, पहिलं मीच लिहून ठेवलं गडबडीत. नव्या सिस्टरने बघितलं तर माझी शोभा होईल.”

तो हसला. हसताना अगदी साधा पोरगा दिसत होता. याला पहिला डोस मालनबाईंनीच पाजला होता. “म्हातारपन आलं तुमाला, नर्सबाई,” म्हणत तो पिशवी घेऊन आत गेला.

राहीने लेक सासूकडे दिली, घागर उचलली आणि मालनबाईंच्या मागोमाग विहिरीपर्यंत आली. रहाट फिरवताना, मान वर न करता ती बोलली.

“चुलीत घातला. त्याच दिवशी.”

मालनबाईंनी मागे अंगणाकडे पाहिलं. राही पुढे बोलली.

“आदी विचारायचं होतंत. तो तीन दिवस लवकर आला. माझं काय झालं असतं?”

“चुकले गं. खरंच चुकले.”

राहीने घागर वर ओढली. मालनबाईंच्या ओठांवर आलं होतं, चल, आत्ता रिक्षात बस. त्यांनी ते गिळलं आणि मंगळवारी विचारायचं राहिलेलं आज विचारलं. “तुला आज भीती आहे का?”

राहीने घागर विहिरीच्या काठावर टेकवली. बहुधा हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. “आज नाय. उद्यापन नसंल. बोट बांधलेली ऱ्हायली की तिसऱ्या दिवशी पितो. बसून बसून डोकं फिरतं त्याचं.”

“म्हणजे शनिवारी.”

“शनिवारी सकाळी पोरीला केंद्रावर बोलवा. मी येते. काय करायचं ते तितं बोलू. आज काय सांगू नका कुनाला.”

“एका बाईला सांगू का? संस्थेतली आहे. ती येऊन बसेल.”

राहीने घागर कडेवर घेतली. “बसू दे. घरी नको यायला.”

परत अंगणात येऊन मालनबाई मुद्दाम मोठ्याने बोलल्या. “गोदूबाई, पोरीचं वजन उतरलंय हो. शनिवारी नऊला हिला घेऊन धाडा केंद्रावर.”

“मीच येते संगती. हिला डाक्टरला काय सांगायचं ते कळत नाय.”

पाठीमागे घागरीतलं पाणी हिंदकळल्याचा आवाज झाला. इतकी वर्षं मालनबाई सासवांना आपणहून आत बोलवत आल्या होत्या. स्टूलसुद्धा पुढे करत.

“या की,” त्या म्हणाल्या. “पण वजनाच्या खोलीत आई आणि मूल, दोघंच. तिसरं माणूस आत घेत नाहीत हल्ली. सगळ्यांनाच तसं.”

“रोज नवा कायदा काढतात मेले!” गोदूबाईने बोंबलाची टोपली उचलली. मग सुनेकडे पाहिलं, तिच्या मानेकडे, आणि नजर काढून घेतली. “बरं. मी भायर बसेन.”

हिला कळलं होतं की काय? आणि कळलं असेल तर ती आत जाऊन लेकाला सांगणार की गप्प राहणार? त्या चेहऱ्यावरून काही उमगेना. मालनबाई रिक्षात बसल्या.

“झालं काम?” बाळाने विचारलं.

“शनिवारी कळेल,” त्या म्हणाल्या. “सकाळी आठला ये. उशीर नको करू.”