आजोबांचं हाड

मीरिम शरीररचनेत दोनदा नापास झाली, ती अभ्यास न करून नव्हे, ढोरमेहनत करून. किर्गिझस्तानातल्या नारीन गावच्या शाळेत घोकंपट्टीवर पहिली येणारी मुलगी. बिश्केकच्या मेडिकल कॉलेजातही तिने तेच चालवलं. पानंच्या पानं तोंडपाठ, आणि हातात हाड दिलं की पालथ्या घड्यावर पाणी. आता तिसरी परीक्षा शेवटची. यात गेली तर सरकारी जागा गेली, डॉक्टरकी संपली.

तिच्या खोलीतली चोलपोन म्हणजे जिभेला हाड नसलेली मुलगी, पण डोक्याने तल्लख. एक दिवस ती वैतागली. "मीट ते पुस्तक. घरी मेंढी कापतात तेव्हा कुठलं हाड कुणाच्या ताटात जातं, हे तुझ्याकडून कुणी घोकून घेतलं होतं का गं?"

नव्हतंच घेतलं. कमरेचं हाड सगळ्यांत वडीलधाऱ्याला, मांडीचं त्याच्या खालोखालच्याला, बरगड्या पोरासोरांना. हे ज्याला कळत नाही त्याला किर्गिझ तरी कशाला म्हणायचं? मीरिमने अख्खं घराणं सांगाड्यावर बसवलं. मांडीवर वडील, खांद्याच्या फऱ्यावर मधले काका, बरगड्यांवर चुलत भावंडांची झुंबड. पुस्तक मिटायचं, एकेकाला हाक मारायची, की त्याच्यामागून लॅटिन नावं मुकाट चालत यायची.

कमरेच्या हाडावर अर्थात आजोबा. त्यांना याचा कोण अभिमान! फोनवर रोज विचारायचे, "माझं हाड पाठ आहे ना? बाकीच्यांची विसरलीस तरी चालेल."

"आहे. तीन भाग आहेत तुमचे, आजोबा."

"तीनच? दुखतं तेव्हा तर तीसएक वाटतात."

परीक्षा आठवड्यावर आली आणि आजोबा गेले.

माती देऊन झाल्यावर घरची माणसं जेवायला बसली. काकूने कमरेचं हाड वडिलांपुढे ठेवलं, कारण आता वडीलधारे तेच. वडिलांनी ते हातात घेतलं आणि नुसतं धरून बसले. मीरिमला ते बघवेना. ती उठून अंगणात गेली आणि पोटभर रडली.

परीक्षेची तारीख काही हलली नाही. टेबलामागे तिघं जण होते, मध्ये शरीररचना शिकवणाऱ्या दामिरा बाई. हाताची हाडं विचारली, मीरिमने धडाधडा सांगितली. पायाचीही सांगितली. बाई खुशीत आल्या आणि त्यांनी ट्रेमधलं पुढचं हाड उचलून तिच्या हातात ठेवलं.

कमरेचं होतं.

"भाग सांग. तीनच तर आहेत."

मीरिमने आजोबांना हाक मारली. कुणी आलं नाही. तिने त्या जागी वडिलांना बसवून पाहिलं, तर तेही ते हाड धरून मान खाली घालून बसलेले. पुस्तकातलं पान आठवू गेली, पण घोकणं तर तिने केव्हाच सोडलं होतं. ती नावं आपल्याला येतात हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

बाईंना तिची दया आली. पुरुषाचं हाड आणि बाईचं हाड यांतला फरक तर कच्चा विद्यार्थीही ओळखतो. "बरं, राहू दे," त्या हळूच म्हणाल्या. "हे कुणाचं आहे, एवढं तरी सांग."

"आजोबांचं," मीरिम म्हणाली.

बाजूचे दोघे एकमेकांकडे बघू लागले. बाई मात्र किर्गिझ होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. पण त्यांना कळून तरी काय होणार होतं?

"दे बाळ ते इकडे," त्या म्हणाल्या आणि हात पुढे केला. मीरिमला ते सोडवेना.