तीन कडव्यांचं गाणं

"थांबू नका रे, वाजवा!" गल्ल्यावरून ऱ्होड्स ओरडला आणि पहिली बाटली आमच्यापुढच्या जाळीवर फुटली.

तेलविहिरींवरची माणसं दुपारची पाळी संपली की थेट ऱ्होड्सच्या गुत्त्यात यायची. त्यांच्या बाटल्या लागू नयेत म्हणून गाणाऱ्यांपुढे खुराड्याची जाळी ठोकलेली. टेक्सासातल्या असल्या गुत्त्यांचा कायदा एकच: मारामारी जुंपली तरी गाणं थांबवायचं नाही. थांबलं की बघेही हात धुऊन घेतात. फक्त कुणी मरायला टेकला, तर त्याला उचलण्यापुरती सूट. ओर्फा टीग अकरा वर्षं तिथे गात होती आणि मी तिच्या मागे फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, वाजवत होतो. कापूस वेचणाऱ्याची पोर, पण काय गळा होता! तिच्या गाण्याच्या दोन तबकड्याही निघाल्या. जिथे गाणाऱ्यांचं नशीब उघडतं त्या नॅशव्हिलहून बोलावणं आलं, त्या आठवड्यात नवऱ्याने, डेल्बर्टने, तिचा जबडा मोडला. नॅशव्हिलवाले कशाला थांबतात?

त्या दिवशी मारामारीत डेल्बर्टच होता. दारातून येणाऱ्या उन्हात मला लख्ख दिसलं. एका धटिंगणाने त्याला भिंतीशी दाबलं, सुरी दोनदा आत गेली. ओर्फानेही पाहिलं. तिसरं, शेवटचं कडवं संपत आलं होतं. ती माझ्याकडे वळली.

"पहिल्यापासून घे."

"अगं, डेल्बर्ट आहे तो!"

"आंधळी नाही मी. घे म्हणते ना!"

मी घेतलं. बरं वाटलं मला, खोटं कशाला सांगू? डेल्बर्ट भिंतीवरून घसरत खाली बसला. भांडणारे त्याच्या हातावर बुटाचे पाय देत फिरत होते आणि आम्ही तिन्ही कडवी पुन्हा वाजवली.

"तुम्हाला दिसलं नाही?" शेरीफने विचारलं.

"त्या गर्दीत कुठलं दिसतंय, साहेब," मी म्हणालो. त्याने मान डोलावली.

दफनाला मी फिडल गाडीतच ठेवली. इथल्या चर्चच्या बॅप्टिस्ट पंथाच्या लेखी ते सैतानाचं वाद्य. पाद्री म्हणाले, आता ओर्फा भजन गाईल. डेल्बर्टची आई खुर्चीत बसली होती. जबडा मोडला तेव्हा याच म्हातारीने महिनाभर सुनेला मक्याची पेज भरवली होती.

"भजन नको," ती म्हणाली. "माझा पोरगा पडला तेव्हा गात होतीस ना, ते गा."

"आई, ते नाचाचं गाणं आहे."

"असू दे. केवढं लांब होतं, ते ऐकायचंय मला."

ओर्फा गायली. गाणं तीन कडव्यांचं, हे रेडिओ ऐकणाऱ्या पोराटोरांनाही पाठ. तिसरं संपलं. तिथे थांबली असती तर कुणाला काही कळलं नसतं. थांब गं बाई, मी मनात म्हणत होतो, आता तरी थांब. ओर्फाने सासूकडे पाहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

म्हातारी काठी टेकत उठली आणि ते संपेपर्यंत उभी राहिली.