हलायचं नाही
चष्मेवाल्याचा दुपारी डोळा लागला तो लाटांच्या आवाजानेच उघडला. तंबूचं कापड वाऱ्याने फडफडत होतं. भरती चांगलीच चढली होती आणि सूनबाईचा पत्ता नव्हता.

"पोरगी अजून आली नाही," बायको म्हणाली. "बसवलंत कुठे तिला?"

"वरच्या कपारीत. नाहीतर जवळून दिसेल अशी जागा तूच शोध, म्हटलं."

"आणि परत कधी यायचं?"

"मी न्यायला येईन म्हटलं होतं." हे बोलताना त्याचा आवाज पडला.

गिऱ्हाइकांच्या डोळ्यांवर भिंगं चढवण्यात या माणसाची हयात गेली, पण स्वतःला दिसायचे ते फक्त पक्षी. सुट्टी मिळाली की दुर्बीण गळ्यात अन् तंबू पाठीवर. यंदा मुलगा कामात अडकला, म्हणून नवी सून हौसेने सोबत आली. सकाळी कड्याजवळ बिचारीला शिंक आली. घरट्यांवरचे पक्षी भुर्रकन उडाले आणि टपून बसलेल्या कुरव पक्ष्याने उघडं पडलेलं अंडं चोचीत धरून नेलं. मग सासऱ्याचं तोंड जे सुटलं, ते आवरेना. "पक्षी उडाला की अंडं गेलंच समज. श्वाससुद्धा बेताने घे. मी आल्याशिवाय हलायचं नाही." सून मान खाली घालून हो म्हणाली. एका शिंकेसाठी इतकं बोलायची काही गरज नव्हती.

दोघं लगबगीने कड्यावर आली. वरची कपार रिकामी होती. खाली, पाण्याच्या जरा वर, खडकाचा एक रुंद कट्टा होता आणि त्यावर पक्षी दाटीवाटीने बसले होते. बायको ओणवी होऊन बघू लागली.

"खाली नाही ती," डोळ्यांवरची दुर्बीण न काढताच तो कुजबुजला. "एकही पक्षी उठलेला नाही. माणूस जवळ असता तर एवढे निवांत बसले असते का? पलीकडच्या वाटेने गेली असणार. चल."

तो निघालाही. एक लाट कट्ट्यावर फुटली, कडेचे चार पक्षी नुसते सरकून बसले. बायको जागची हलली नाही.

"अहो, सकाळी तिला एवढं झाडलंत. त्यानंतर ती हलेल असं वाटतं तुम्हाला?"

तो मागे वळला. माणूस दगडासारखा बसून राहिला, तर तासाभरात पक्षी त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. हे त्यानेच तिला शिकवलं होतं. खडकाच्या रंगाचा रेनकोटही त्यानेच घेऊन दिला होता.

"हाक मारा," बायको म्हणाली.

त्याने तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. कड्यावर कधी कोणाला हाक मारायची नाही, ही त्या घराची शिस्त. त्याच्या नादाला लागून बायकोच्याही ती अंगात मुरलेली. ती तंबूकडे पळाली आणि पातेलं, डाव घेऊन आली. तिने डाव उगारला तसा त्याने सवयीने तिचा हात धरला. बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने पातेलं तिच्या हातातून घेतलं आणि जीव खाऊन बडवायला सुरुवात केली.

सगळा कडा एकदम उठला. पंखांनी आभाळ झाकलं, कलकलाटाने कान बधिर झाले, कुरव खाली झेपावले. आणि मोकळ्या झालेल्या कट्ट्यावर, भिंतीला टेकून, एक करडी आकृती तेवढी बसून राहिली. लाटांचं पाणी तिच्या गुडघ्यांपर्यंत येऊन परत जात होतं. तिने वर पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. गप्प राहा म्हणून त्यालाच खुणावत होती.

"ऊठ!" तो किंचाळला. "ऊठ, बाळ, ऊठ!"

कट्ट्यावर जायची वाट भरतीत बुडाली होती, म्हणून तंबूचा दोर खडकाला बांधून तो स्वतःच खाली उतरला. गुडघे सोलवटले. तिला दोराला बांधून त्याने खालून रेटा दिला, वरून बायकोने ओढलं. पुढची लाट त्याच्या कमरेवर आदळली आणि मग तोही कसाबसा वर आला.

सून थंडीने लटलटत होती, दात वाजत होते. बायकोने तिला छातीशी धरलं होतं.

"बाबा," तिने भीतभीत विचारलं, "बरीच अंडी गेली का?"

"माहीत नाही गं," तो म्हणाला. "मी बघितलंच नाही." आणि तिथेच खडकावर बसून तो रडू लागला.