आईच्या वजनाची हवा

पोटचा पोरगा भर अंगणात आईला भात मोजायच्या काट्यावर चढ म्हणतो, याला काय म्हणायचं? मी हातातलं सूप खाली ठेवलं नि शेखरला विचारलं, "मी काय गोण हाय रे?"

"आये, ऐक तर. गाडीत मागं किती वजन बसणार ते कळल्याशिवाय फुग्यांत हवा किती भरायची ते ठरत नाय."

"तुझ्या बापालासुद्धा माझं वजन ठाऊक नाय. तू कोण मोजणारा?"

ओट्यावर बसलेले आमचे हे हसता हसता खोकायला लागले. त्यांच्याकडं मी नंतर बघितलं.

गाडीचं असं झालं होतं. शेखरनं कल्याणच्या एका शेठची जुनी इस्टेट गाडी घेतली होती. लांबलचक, मागं सामानाला खोलीएवढी जागा. तिच्यात भेंडी-काकडी भरून तो शहापूरच्या बाजारात न्यायचा. ओझं वाहून वाहून मागच्या स्प्रिंगा पार बसल्या. मागं दोन माणसं बसली की गाडी खुडूक कोंबडीसारखी बूड टेकायची.

त्याच गाडीतून आमी टोकावड्याला गेलो, माझ्या लेकीच्या, रेश्माच्या, सातव्या महिन्याच्या ओटीला. ओटी भरून झाल्यावर तिला देवळात न्यावी म्हणून मागं बसवली. पहिल्याच खड्ड्यात गाडी अशी आपटली की पोरगी पोट धरून ओरडली. काही झालं नाय, देव पावला. पण माझी विहीण धोंडीबाई दारातच उभी होती. तिनं तिथंच सुनावलं, "पहिलं बाळंतपण माहेरी, ते मला मान्य. पण मुरबाडच्या डॉक्टरीणबाईंनी हिसका बसू द्यायचा नाय म्हणून सांगितलंय. या गाडीतून मी सून पाठवणार नाय. नि भाड्याची जीप आणाल तर ती याहून वाईट. गाडी सुधरा, नायतर बाळंतपण इथंच होईल."

इथंच! माझ्या लेकीचं पहिलं बाळंतपण, नि मी पाहुणीसारखी जाऊन चहा पिऊन यायचं? धोंडीबाईला मी चांगलं उत्तर देणार होते. पण निघताना रेश्मानं माझा पदर धरला. "आये, मला तुझ्याकडंच यायचंय गो." तिचा आवाज ऐकला नि मी भांडण तिथंच सोडून गाडीत बसले.

शेखरनं सरळ नव्या स्प्रिंगा टाकाव्यात की नाय? तो म्हणाला, हवा बसवतो, मोठ्या लक्झरी बशींना असते तशी. मुंबईहून रबराचे दोन जाडजूड फुगे आणले. आटगावच्या बाजूला हायवेवर एक गॅरेज आहे, तिथं गाडी वर उचलून मागच्या दोन्ही स्प्रिंगांच्या पोटात एकेक फुगा बसवला. हवा भरायला नंबरप्लेटजवळ सायकलच्या ट्यूबला असतो तसा वॉल बाहेर काढला. मी वाकून बघितलं. "जत्रेतले फुगे बरे की याच्यापेक्षा. हे माझ्या लेकीला तोलणार?"

"हवा बरोबर असली तर गादीवर बसल्यासारखं वाटेल. कमी पडली तर गाडी टेकेल, जास्त झाली तर दगडासारखी उडेल. म्हणून म्हणतो, काट्यावर..."

"नाय म्हणजे नाय."

मग त्या शहाण्यानं काय करावं? मला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पडवीतून भाताच्या दोन भरलेल्या गोण्या उचलल्या नि मागच्या सीटवर ठेवल्या. "ही तू," म्हणाला. त्यांच्या शेजारी रेश्माच्या जागी आपल्या बायकोला, नम्रताला बसवलं. ती तोंडात पदर कोंबून बसली होती. दोन गोण्यांच्या नि नम्रताच्या हिशोबानं शेखरनं पायपंप मारून हवा भरली. मी सूप उचललं नि दणादण पाखडायला लागले. घरात सगळे घाबरले ते त्यालाच.

टोकावड्याला जाताना मागं मी एकटी. गाडीचं बूड वर, तोंड खाली. सरळगावपर्यंत माझं डोकं किती वेळा टपाला लागलं, ते त्या टपालाच विचारा.

"रेश्मा बसली की बरोबर होईल," शेखर पुढून म्हणाला.

"तवर मी उरले तर."

धोंडीबाई तयारीतच होती. पाण्यानं गळ्यापर्यंत भरलेली पितळी कळशी घेऊन ती गाडीजवळ आली. मागच्या सीटवर चुंबळ ठेवली, चुंबळीवर कळशी बसवली नि स्वतः पलीकडच्या बाजूनं चढली. "तुमी तिकडून, मी हिकडून. हात कुणी लावायचा नाय. मारुतीच्या देवळापर्यंत जायचं नि यायचं. थेंब सांडला नाय तर सून न्या."

रेश्मा पिशव्या भरून दारात उभी होती.

गाडी निघाली. पहिला खड्डा आला नि कळशीनं उडी मारली. दुसऱ्या खड्ड्याला माझी मांडी भिजली, तिसऱ्याला धोंडीबाईचा पदर. परत आलो तेव्हा कळशी अर्धी नि आमी दोघी चिंब. खाली उतरून पदर पिळत धोंडीबाई म्हणाली, "झालं. रेश्मा, पिशव्या आत ने."

रेश्मानं पिशव्या खाली ठेवल्या नाय, तशाच घट्ट धरल्या.

शेखर नंबरप्लेटजवळ उकिडवा बसला होता. "आये, हवा जास्त झाली. तुझ्या दोन गोण्या धरल्या होत्या मी."

"मग सोड की अंदाजानं."

"अंदाजानंच तर भिजलात."

"आणखी एकदा," धोंडीबाई म्हणाली. "तेही पोरीच्या तोंडाकडं बघून. पुन्हा सांडलं तर विषय संपला."

त्यांच्या पडवीतच भात मोजायचा काटा होता. आजूबाजूच्या बायका कुडाला टेकून बघत होत्या. धोंडीबाईची नजर एकदा काट्यावर, एकदा माझ्यावर. मला सगळं दिसत होतं, नि रेश्माच्या हातातल्या पिशव्याही दिसत होत्या. मी चपला काढल्या नि पदर खोचून काट्यावर उभी राहिले.

धोंडीबाई आकडा बघायला इतकी वाकली की पडायची राहिली. आकडा मी सांगणार नाय. पण शेखर मोठ्यानं ओरडला, "आये, तू तर दीड गोणपण भरत नायस गो!"

बायका हसल्या. धोंडीबाईला राहवलं नाय. "मग अंगात हे सगळं भरलंय तरी काय?"

"मान आहे तो, विहीणबाई. काट्यावर येत नाय. आता तुमी चढा."

ती कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून चढली. माझ्यापेक्षा कमी भरली म्हणून खूश झाली. होऊ दे.

शेखरनं वॉल दाबला. फुस्स करून हवा गेली, गाडीचं बूड खाली आलं नि आमी बसल्यावर ती पुढंमागं अगदी सारखी झाली. कळशी पुन्हा भरून चुंबळीवर ठेवली. तेच देऊळ, तेच खड्डे. पाणी हललं, पण डोक्यावरून आणताना हलतं तेवढंच. देवळाच्या वळणावर मी श्वास धरून होते. धोंडीबाईनंही धरला असावा, कारण ती गप्प होती, नि असं टोकावड्यात फार वेळा घडत नाय.

परत आल्यावर तिनं चुंबळीला हात लावून बघितला. कोरडी. मग ती घराकडं वळून म्हणाली, "रेश्मा, ये बाहेर. पण सव्वा महिन्यानं माझं नातवंड माझ्या दारात पाहिजे, सांगून ठेवते."

दिल्या शब्दाला ती जागली. वर हातही आखडला नाय. कुणी उणं बोलू नये म्हणून गाडीच्या मागं तांदळाची गोण, नाचणी, नारळ नि पाय बांधलेली एक कोंबडी चढवली. गाडी पुन्हा खाली बसली. शेखरनं पायपंप काढला नि गोणीकडं टक लावून बघू लागला.

"काट्यावर घाल रे बाबा," धोंडीबाई म्हणाली. "तुझ्या डोळ्याचं माप आमी बघितलंय."

मुरबाडचा रस्ता आला तोवर रेश्मा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलीसुद्धा. मागं कोंबडी कुरकुरत होती. शेखर आरशातून सारखा माझ्याकडं बघत होता. काय ऐकायचं होतं ते मला कळत होतं. सरळगाव मागं पडेपर्यंत मी त्याला तसाच ठेवला.

मग म्हटलं, "शेखर, फुगे बसवलेस ते चांगलं केलंस. माझी लेक झोपली, तुझी गाडी पास. पण आईला दोन गोण्यांची धरलीस, ते या बाळाच्या बारशाला सगळ्या पाहुण्यांसमोर मी सांगणार. आता आरशात बघू नको, खड्डा बघ."